सुरक्षा सॉकेट न काढता वीज परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय विद्युत निरीक्षक,
तपासणी शाखा, दुसरा मजला.

विषय: न्हाणीघरातील सुरक्षा सॉकेट जागेवरच ठेवून वीजपुरवठा पूर्ववत करणे.
संदर्भ: आपल्या तपासनिसांचा 'नापास' शेरा व त्याच दिवशी तोडलेली वीज.

महोदय,

अर्जदार निवृत्त वायरमन असून थोरल्या बहिणीसह (सर्व जण त्यांना माई म्हणतात) तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीच्या जुन्या वायरिंगमध्ये दोनच तारा आहेत, अर्थिंग नाही. म्हणून अर्जदाराने वॉशिंग मशीनसाठी सुरक्षा सॉकेट बसवला. एका तारेने मशीनकडे गेलेली वीज दुसरीने पुरती परत आली नाही, थोडी जरी माणसाच्या अंगातून निसटली, तरी हा सॉकेट पापणी लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्याला अर्थिंग लागत नाही. 'अर्थिंग नाही' अशी चिठ्ठीही वर चिकटवली आहे. सर्व नियमानुसार असावे म्हणून अर्जदाराने स्वतःच तपासणी मागितली. हा धोंडा त्याने आपल्याच हाताने पायावर पाडून घेतला.

२. तपासनीस साहेबांनी आपल्या टेस्टरचे बटण अकरा वेळा दाबले. टेस्टर अर्थच्या तारेत वीज सोडून पाहतो. तारच नाही, तर सोडणार कुठे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सॉकेटचे स्वतःचे बटण दाबताच तो खटकन बंद होतो, हे माईंनी तीनदा करून दाखवले. साहेब म्हणाले, "आजी, चोरानंच चोराची साक्ष द्यायची होय?" आणि वीज तोडून गेले.

३. अर्थिंग ओढायला भिंत फोडावी लागते. त्याची परवानगी 'पास' दाखल्याशिवाय मिळत नाही, व दाखला अर्थिंगशिवाय मिळत नाही. दोन्ही टेबले एकाच खोलीत समोरासमोर आहेत.

४. खिडकीवरचे कारकून भले गृहस्थ. त्यांनी हळूच सुचवले, "काका, तो काढा आणि जुना दोन भोकांचा लावा. त्याला तपासणीच नसते. उद्या लाइट चालू." अर्जदाराने जुना सॉकेट शोधला, स्क्रू ड्रायव्हर घेतला, पण हात चालेना. तपासणीच्या आठवडाभर आधी माईंनी ओल्या हाताने मशीन धरले होते. आतली तार सोललेली होती. सॉकेटने तत्क्षणी वीज तोडली, आणि त्या एवढेच म्हणाल्या, "लाइट गेली का रे?" नोकरीत अर्जदाराने दोन सोबती तारेला चिकटलेले पाहिले आहेत. त्याला भीती वाटते, हे लिहायला त्याला लाज नाही.

५. हा प्रसंग पुरावा म्हणून सांगितला असता अपघात अहवाल जोडण्यास सांगण्यात आले. अहवाल शाखेचे म्हणणे, कोणाला काही झाले नसेल तर अहवाल देता येत नाही.

६. सबब, काही झाले नाही हाच पुरावा समजावा, ही विनंती. अन्यथा जुना सॉकेट बसवण्याचा लेखी आदेश आपल्या सहीने द्यावा. अर्जदार तो माईंना वाचून दाखवील.

कळावे, तूर्त अंधारातला,
अर्जदार

दिनांक: वीज तोडल्याचा एकोणिसावा दिवस

सोबत:
१. 'नापास' शेऱ्याची प्रत.
२. जुना दोन भोकांचा सॉकेट (परत नको).
३. माई, वय ७१. दोन जिने चढून आल्या आहेत, बाहेर बाकावर बसल्या आहेत. दुखापत: नाही.