मंगळवारच्या पोत्यावर शमुवेलची जागा

पाळकसाहेब, वाचायला उभे राहण्याआधी चष्मा कपाळावर चढलेला आहे का, ते हाताने चाचपून पाहा. नाहीतर तुम्ही खिसे शोधत बसणार आणि लोक माझ्यासाठी रडायचे सोडून तुम्हाला हसणार. बिराप्पाच्या मातीला तुम्ही त्याचे नावच विसरलात आणि "हा आपला प्रिय बंधू" एवढ्यावर त्या बिचाऱ्याला पार पोचवलेत. माझ्या बाबतीत तसे नको. म्हणून माझे नाव अगोदरच, मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले आहे.

मी, रंगूबाई कोम याकोब वायदंडे, वय सत्तरच्या आसपास, धर्म ख्रिस्ती, धंदा घरकाम, राहणार पलूस, तालुका तासगाव, जिल्हा सांगली (पूर्वी दक्षिण सातारा; मी जागची हलले नाही, जिल्हाच हलला), लिहून ठेवते की, माझे डोके शाबूत आहे, कान शाबूत आहेत, गुडघे तेवढे नाहीत; पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे मास्तर म्हणतात. मी हे राजीखुशीने करते आहे. मला भरीस घालायला एकजण येऊन गेला, त्याची हकीकत पुढे येईल. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि निवृत्त शिक्षक कोंडीबा मास्तर लिहितात. मी 'हाय' म्हटले की ते 'आहे' लिहितात, तेवढी मुभा त्यांना दिली आहे. त्यापलीकडे एक शब्द बदलायचा नाही. शेवटी सगळे परत वाचून दाखवायचे आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

कलम पहिले, घर. माझे पती कैलासवासी (मास्तर, आपल्यात कैलासवासी म्हणत नाहीत, पण आता लिहिलेत तर राहू द्या, याकोबला डोंगर आवडायचे) गवंडी होते. हे दोन खणांचे घर त्यांनी दिवसभर लोकांच्या भिंती उभ्या करून उरलेल्या वेळात बांधले. पूर्वेस रस्ता, उत्तरेस चर्चची मोकळी जागा, दक्षिणेस माझे परस, पश्चिमेस शेजारी बाळासो यांची भिंत. ही भिंत दर पावसाळ्यानंतर गिलाव्याच्या निमित्ताने बोटभर माझ्याकडे सरकते. मी बाळासोला क्षमा केली आहे, पण वारसांनी मोजणी करून घ्यावी.

घराची जागा माझ्या नावावर कशी, असा प्रश्न कोणी काढील, म्हणून सांगते. आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला प्रत्येकजण आपल्या रानातले, परसातले पहिले पीक देवापुढे आणून ठेवतो. उपासना झाली की त्याचा तिथेच लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. रीत चांगली आहे. पण बोली चढायला लागली, शेजारचा आपल्यापेक्षा वर बोलला, की माणसाला देव दिसायचा बंद होतो, शेजारीच दिसतो. आमचे लग्न नवे असताना याकोबने असाच एका कोंबड्यावर हात वर केला. खिशात काही नव्हते. देवाचे देणे रविवारच्या आत फेडायचे म्हणून सावकाराकडून काढले. कोंबडा आम्ही त्याच रविवारी खाल्ला, व्याज मात्र पुढे कित्येक वर्षे दारात आरवत राहिले. त्यात माझी माहेरची म्हैस गेली. म्हैस दावणीतून सुटली त्या दिवशी याकोब माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंगे, जागा घ्यायची झाली तर तुज्या नावावर घिऊ. माजा हात लिलावात आपसूक वर जातोय." असा नवरा मिळायला नशीब लागते. चुकला, पण कुठला हात चुकला ते ओळखून होता.

कलम दुसरे, मंगळवारची बैठक. ही मिळकतीत धरावी की नाही यावर मास्तरांनी वाद घातला. धरावी. म्हशीनंतर मी आणि माझी मैत्रीण शालूबाई, अशा आम्ही दोघींनी ती माझ्या ओसरीवर सुरू केली. आमच्या लोकांत दारूपायी बुडालेले थोडे. देवाधर्माच्या नावाने आणि चार लोकांत मान राहावा म्हणून बुडालेले जास्त: नाताळचे कपडे, लग्नाचा बँड, लिलावातला भोपळा. आता त्यात हप्त्यावरचा रेडिओ आला. प्रार्थनेला उभे राहून सगळे म्हणतात, आमची ऋणे सोड. म्हणताना डोळा सावकाराच्या दुकानाकडे. अहो, देवाची ऋणे देव सोडील, वाण्याची वाणी का म्हणून सोडील?

बैठकीचा नेम असा. ओसरीवर एक पोते अंथरलेले असते. कर्जात असेल त्याने नवराबायको मिळून त्यावर बसायचे आणि कोणाचे किती ते सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचे. ऐकणाऱ्यांनी हळहळायचे नाही, उपदेश करायचा नाही, दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याचा उच्चार करायचा नाही. मग प्रार्थना. बैठक कोणाला पैसा देत नाही. दिला तर आम्हीच सावकार झालो. घरोघरी रोजच्या पिठातली एक मूठ बाजूला पडते, ती त्या घरी जाते, म्हणजे चूल उधारीशिवाय पेटते. आणि दुसऱ्या दिवशी त्या नवराबायकोने, आमच्यातल्या दोघींना बरोबर घेऊन, ज्या ज्या दुकानात खाते आहे तिथे जायचे आणि नवऱ्याने स्वतः सांगायचे की आजपासून मला उधार देऊ नका, मागितले तरी देऊ नका. याला आम्ही उधारी तोडणे म्हणतो. मागचे देणे मग हप्त्याहप्त्याने, ठरवून. एका दुकानदाराने मला हात जोडून म्हटले होते, "बाई, तुमचा देव माजं गिऱ्हाईक मोडतोय." मी म्हटले, "मोडत न्हाई, रोखीचं करतोय." तो आजही मला पाहिले की गल्ला बंद करतो.

पोते, ओसरी आणि जाते ही बैठकीची. जाते शालूबाईला द्यायचे होते. पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष धरली तर ते मिळायचे राहते, असे मास्तर म्हणाले. तिने जाते सोडले आणि साक्ष घेतली. वर म्हणाली, "तुज्या जात्याचं पीठ तसंबी जाडच पडतंय." हे तिचे म्हणणे नोंदवून ठेवते. ते खोटे आहे.

कलम तिसरे, माझा मुलगा शमुवेल. हा एकुलता एक. साताऱ्याला एका कारखान्यात कामाला आहे, पगार वेळेवर होतो, हात बापाचा आहे. घरात आधी रेडिओ आला, मग सोफा, मग स्कूटर, सगळे हप्त्यावर. माझी सून अंजना हिला स्कूटरवरून चर्चला नेले तेव्हा ती उतरताना लोकांकडे बघत होती आणि हा ती बघते का ते बघत होता. तिथवर मी हसत होते. पण यंदाच्या कापणीच्या सणाला साताऱ्याच्या मंडळीत त्याने एका भोपळ्यावर बोली लावली, का तर समोरून त्याचा साहेब बोलत होता. भोपळा याच्याकडे आला. साहेब, मला वाटते, मनातल्या मनात देवाचे आभार मानत घरी गेला असेल.

त्यानंतर शमुवेल इथे आला, कागद घेऊन. घर तारण ठेवायचे, माझा अंगठा तेवढा हवा. मी विचारले, एकूण किती. तो म्हणाला, थोडेच. मी म्हटले, थोड्याचा आकडा सांग. तर उठून उभा राहिला.

"आये, तू साऱ्या दुनियेची कर्जं निवारतीस. माजंच कसं जड झालं तुला?"

"जड न्हाई. मंगळवारी ये. अंजनाला घिऊन बस."

"त्या पोत्यावर? मी? रंगूबाईचा ल्योक?"

मी अंगठा पदरात गुंडाळून ठेवला. या घराची भाकरी परत खाणार नाही असे म्हणून तो गेला. पाणी पिऊन गेला, तेव्हा मला वाटले अजून आशा आहे.

पुढच्या मंगळवारी अंजना एकटीच आली, पोरांना घेऊन, आणि सरळ पोत्यावर बसली. तिला ठाऊक होते तेवढे तिने सांगितले. मी प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात शालूबाईने माझा हात धरला. नवराबायको दोघे हवेत, हा नेम. मी म्हटले, पोर किती लांबून आली आहे. शालूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "नेम तूच घातलास रंगे. तुज्या घरापुरता वाकवायचा काय?" मी तिच्याशी त्या रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत बोलले नाही. मग बोलले, कारण तिचे बरोबर होते आणि कालवणाला मीठ तिच्याकडून आणायचे होते. अंजना तेव्हापासून माझ्यापाशी आहे. गिरणीत दळण पाखडायला जाते, रोख आणते. परत साताऱ्याला जाईन म्हणत नाही, जाणार नाही असेही म्हणत नाही.

तेव्हा माझे घर, परसासह, माझ्यामागे अंजना शमुवेल वायदंडे हिच्या एकटीच्या नावे व्हावे. तिने ते विकू नये, तारण ठेवू नये, आणि कोणी कागद पुढे केला तर अंगठा, म्हणजे तिच्या बाबतीत सही, पदरात गुंडाळून ठेवावी. शमुवेलचा या घरावर मालकीहक्क नाही. राहण्याचा हक्क आहे, तो असा: ज्या मंगळवारी तो अंजनाशेजारी पोत्यावर बसेल, सगळे देणे आपल्या तोंडाने सांगेल, आणि तिला बरोबर घेऊन साताऱ्याच्या दुकानांतली उधारी तोडून येईल, त्या दिवसापासून तो या घरचा. तोवर पाहुणा. पाहुण्याला चहा मिळेल.

याकोबची थापी आणि ओळंबा मात्र शमुवेलला, बिनशर्त, आजसुद्धा मागितला तर. त्याने भिंत बांधावी असे नाही. ओळंबा नुसता धरून बघितला तरी माणसाला कळते आपण किती कललो ते.

कलम चौथे, रोकड. पोस्टात आहे ती माझ्या पेटीला आणि कबर खणणाऱ्याला. सुताराला मी इसार देऊन ठेवला आहे. पेटीला पितळी मुठी लावू म्हणाला, मी म्हटले, मला कुठे उचलून बघायची आहे? उरले तर मुठींच्याच पैशांचे पेढे घ्या. उधारीवर हार आणील त्याचा हार परत करावा.

कलम पाचवे, पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून पाळकसाहेबांना नेमते, कारण ते विसरतात पण खोटे बोलत नाहीत. माझी विनंती, मिळकत नाही म्हणून विनंती, अशी की कापणीच्या सणाचा लिलाव रोखीने व्हावा. हात वर करणाऱ्याने दुसऱ्या हातात पैसे दाखवावेत. देवाला उधारीचा भोपळा पोचत नाही, असे शास्त्रात नसेल, पण असायला हरकत नव्हती.

इथवर झाले आणि मास्तर वाचून दाखवायला बसले, तर अंजना गिरणीतून आली. पिठाने भुवया पांढऱ्या. दारातच उभी राहून म्हणाली, "आत्या, त्ये आल्यात. यष्टीच्या थांब्यावर बसल्यात. हिकडं यायचं का माघारी जायचं, ठरंना त्यास्नी."

"तू काय म्हणलीस?"

"आज मंगळवार हाय म्हणलं. दुसरं काय न्हाई."

"मग?"

"मान खाली घातली. मला ठावं हाय म्हणाले."

मास्तरांनी विचारले, आता कलम तिसरे बदलायचे का. शालूबाईने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, काही बदलायचे नाही, उलट एक जोडायचे.

कलम सहावे. या कागदात घराबद्दल काय लिहिले आहे ते मी जिवंत असेपर्यंत शमुवेलला कोणी सांगू नये. अंजना, तूसुद्धा नाही. घर मिळावे म्हणून तो पोत्यावर बसला तर ती आणखी एक बोली होईल. न बसता माघारी गेला तरी त्याला हाक मारायची नाही. यष्टी संध्याकाळी परत सुटते आणि मंगळवार परत येतो. बसला, तर हळहळायचे नाही, माझ्याकडे बघायचे नाही. मी त्या वेळी आई नसते, बैठकीतली एक बाई असते. हे लिहून ठेवते कारण मला ते जमेल की नाही याची खात्री नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, 'कैलासवासी' सोडून सगळा माझाच आहे. त्याखाली अंगठा उठवते. हा अंगठा मी बरेच दिवस सांभाळून ठेवला होता.

निशाणी डावा अंगठा: रंगूबाई कोम याकोब वायदंडे

साक्षीदार:
१. शालूबाई कोम दानीएल आवळे, राहणार पलूस. निशाणी डावा अंगठा.
२. हिंदुराव पाटील, राहणार पलूस. सही. (मजकूर माझ्यासमोर वाचला. बाळासोची भिंत खरोखरच सरकते.)

लेखनिक: कोंडीबा मास्तर लोंढे, सही.

स्थळ: पलूस. मंगळवार, तारीख २२ नोव्हेंबर १९७७.

सहीखाली लिहिलेले कायद्याला धरून नसते असे मास्तर सांगतात. नसू दे, हे जेवणाचे आहे. शमुवेल सकाळच्या गाडीने निघाला असणार आणि रोखीने खाण्याइतके खिशात नसणार. त्याला आत्ता थांब्यावर डबा पाठवा. अंजनाने नेऊ नये, हिंदुरावांनी जाता जाता द्यावा. या घरची भाकरी खाणार नाही असे म्हणाला होता, म्हणून कोणाच्या घरची ते सांगू नये. चवीवरून त्याला कळेल आणि न कळल्यासारखे करून तो खाईल. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा फोडून. गोड नको, त्याला बक्षीस वाटेल. अंडे नको, त्याला पाहुणचार वाटेल. डबा रिकामा झाला की त्याचा त्याने आणून द्यावा, आणायला कोणी जाणार नाही. आणि ताक पाठवू नका. ते घरी येऊन प्यावे.