लीनाला सांगितलं ते

७ फेब्रु., शनि.
लीनाबरोबरचा ऑनलाइन तास. कॉलेजनं जोडून दिलेली जर्मनीतली मैत्रीण. तिला शिकवायचा सराव, मला बोलायचा. आजचा विषय: घरी पाहुणे येतात तेव्हा. शेंगाच्या पोळीवर इतकी बडबडले की तिला भूक लागली! 'अव्वा' म्हणजे आई, हे तिला सांगतेय तोवर अव्वाच दारात. "एवढं खिदळायला काय झालं?"
पुण्याला एम.ए. जर्मन करायचंय, हे अप्पांना अजून सांगितलं नाही. सांगणार. नक्की.

११ फेब्रु., बुध.
अक्कलकोटचं स्थळ. भुसार मालाचं दुकान, एकुलता मुलगा. अप्पा खूश. "बघून तर घे की, बघायला काय जातंय?"
पुण्याचं काढलं. "ते लग्नानंतर बघू." विषय संपला. असला राग आला ना...

१४ फेब्रु., शनि.
पाहुणे नेमके तासाच्या वेळेला. मला वाटलं, निदान तास बुडू नये म्हणून तरी अप्पा त्यांना पुढची वेळ देतील. कसलं काय! अप्पा म्हणाले, "उलट बरंय. त्यांच्यासमोरच बोल. पोरगी काय चीज आहे कळू दे."
साडी नेसून लॅपटॉपसमोर. मागं सोफा भरलेला. अप्पा मोबाइलवर शूटिंग करतायत. लीनानं विचारलं, ही मंडळी कोण? मी हसत हसत जर्मनमध्ये सगळं सांगून टाकलं. मला बघायला आलेत. मला हे लग्न नकोय. शिकायचंय. इथं कुणालाच मी काय बोलतेय ते कळत नाही.
लीनाचा चेहरा पडला. मुलाची आई म्हणाली, "लई गोड बोलते हो!"
बोलताना इतकं मोकळं वाटलं. ते गेल्यावर बाथरूममध्ये रडले.

१५ फेब्रु., रवि.
त्यांचा होकार. लीनाचा मेसेज: वडलांना सरळ सांग ना. सरळ म्हणे! अप्पा पेढे वाटत सुटलेत, गल्लीभर व्हिडिओ दाखवतायत. "माझी पोरगी बघा." त्यांच्या तोंडाकडं बघितलं की सांगायचं पुन्हा उद्यावर जातं. शिव्या घातल्या असत्या तर भांडले तरी असते.

१७ फेब्रु., मंगळ.
अप्पांनी कौतुकानं व्हिडिओ अक्कलकोटलाही पाठवला. तिकडून मुलाच्या वडलांचा फोन. त्यांची भाची पुण्यात जर्मन शिकवते, तिला पुढं धाडलाय. अप्पा म्हणतात, "बघ, घरातच तुझ्या भाषेचं माणूस मिळालं!"
मेले! जेवण गेलं नाही. आणि खोटं कशाला लिहू, मनात कुठंतरी बरंही वाटलं.

१८ फेब्रु., बुध.
सकाळी अनोळखी नंबर. मेसेज जर्मनमध्ये.
'व्हिडिओ पाहिला. सगळं कळलं. मामा-मामी विचारतायत, ती काय बोलली. काय सांगू?'
पुन्हा पुन्हा वाचला. अप्पा बाहेरून, "कुणाचा गं मेसेज?"
"त्यांच्या भाचीचा."
"मग दे की उत्तर. ताटकळत नको ठेवू तिला."