तिसऱ्या हाकेआधी

६ जानेवारी १९७४, शिरूर
भीमा ओलांडून राहू गावाला, कथाकार आप्पांकडे. आप्पांची नजर आणखी गेली आहे. म्हणाले, "प्रोफेसर, दारात उभे राहू नका. खांब समजून टेकायचो मी."
त्यांच्या गोष्टींच्या नव्या आवृत्तीची प्रुफं वाचून दाखवली. नदीखालच्या नगराची गोष्ट शेवटी आली. माझ्या पिढीने शाळेत पाठ केलेली. नाव उलटते, तारा बुडते, तळाशी दिव्यांचे नगर असते, ती तिथेच राहते. अखेरचे वाक्य: 'तिने वर पाहिले नाही.' त्या वाक्यावर दरवर्षी वर्गात मी अख्खा तास घेतो.
वाचून थांबलो. तारा त्यांची धाकटी बहीण, खरोखरच बुडालेली. हे वर्गात सांगत नाही.

१३ जानेवारी
आज रविवार, म्हणून आप्पांची नात कमल घरी होती. ती पुण्याला एका कचेरीत कॉम्प्युटरची कार्डं पंच करते. बाद झालेली एक चळत घेऊन आली होती. हिशेबाला, चुलीला, कशालाही.
आप्पांनी एक कार्ड हातात घेतलं. बोटं फिरवत राहिले.
"यंत्र यात वाचतं काय?"
"भोकं, आप्पा."
"म्हणजे जिथं कागद नाही, तेच वाचतं?"
"हां."
जेवणापर्यंत कार्ड हातातच होतं.

२० जानेवारी
आप्पांनी त्याच गोष्टीचा नवा मजकूर सांगायला सुरुवात केली. मी उतरवून घेतो. तळाच्या नगरात आता एक यंत्र आहे. जो बुडतो त्याचं एक कार्ड. त्याच्या आयुष्यात जे राहून गेलं, तिथे भोक. यंत्र मागून दिवा धरतं आणि भिंतीवर पडलेला उजेड वाचतं.
लिहून घेतलं. मनात नाराज. पन्नास वर्षं उभ्या असलेल्या गोष्टीत हे कशाला?
कमल आप्पांसाठी एक कार्ड पंच करून आली होती. तारा. इंग्रजी अक्षरांत. यंत्राला मराठी येत नाही.
"एवढीच भोकं?"
"नाव लहान आहे ना, आप्पा."
त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

२१ जानेवारी
कालचं एक राहिलं. मी कमलला विचारलं होतं, यंत्र ठरवतं कसं? म्हणाली, "आपण अट घालायची, सर. पुरी झाली तर ह्या वाटेला, नाही तर त्या वाटेला."
"आणि चुकीच्या वाटेला गेलं तर?"
"कार्ड बदलायचं. पुन्हा चालवायचं."
आप्पा खाटेवरून हळूच म्हणाले, "पुन्हा चालवायचं." दोनदा म्हणाले.
आज वर्गात त्या गोष्टीवर बोलताना अडखळलो. 'अटळ' हा शब्द माझा ठेवणीतला. आप्पांना पंचविशीत हे यंत्र कळलं असतं, तर तारा त्या नगरातच राहिली असती का? की तेव्हा त्यांच्यापुढे एकच वाट होती, आणि मी तिला अटळ म्हणत आलो?

२९ जानेवारी
गोष्ट बदलते आहे असं कळवलं होतं, त्यावर प्रकाशकांचं उत्तर. जुना शेवट शाळेत लागलेला आहे. तसाच ठेवणार असाल तर आवृत्ती, नाहीतर काम थांबवू. प्रुफं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवीत.

३ फेब्रुवारी
आप्पांना सांगितलं.
"मग छापू नका म्हणावं." हसले. थोड्या वेळाने, "पण पुस्तक हातात यायला पाहिजे हो. वाचता नाही आलं तर नाही. जड लागलं तरी पुरे."
काय करू?

निघायला उशीर झाला. कमल नदीपर्यंत आली. दिवस मावळलेला, नाव पलीकडे. हाक दिली. नावाडी गेणूमामा दिसत होते. बिडी ओढत बसून राहिले. पुन्हा दिली. हलले नाहीत. मी चिडलो. कमल हसत म्हणाली, "अजून एक द्या, सर." तिसरीला त्यांनी दोर सोडला.
नावेत बसल्यावर म्हणालो, "मामा, ऐकू येत नव्हतं का?"
"पयल्याच हाकंला आलं की."
"मग?"
"अंधारलं की तिसऱ्या हाकंबिगर नाव सोडत न्हाईत. आमच्या आज्यापासनं हाय त्ये. जे मानूस नसतंय, त्ये तिसरी हाक देत न्हाई. तुम्ही कालेजात शिकिवता, येवडं ठावं न्हाई व्हय?"
काठावरून कमल ओरडली, "मामा, हा तर प्रोग्राम झाला!"
"शिवी हाय का गं ही?"

१० फेब्रुवारी
कमलने आप्पांना सगळं सांगितलेलं. मी टेकायच्या आत म्हणाले, "घ्या लिहून."
तारा यंत्रापुढे उभी आहे. यंत्र कार्ड वाचतं. अट एकच: तीन हाका द्यायच्या. दिल्या तर वरून नाव येईल. ती चढत पाण्याच्या पाठीपर्यंत येते. वर पाहते. एक हाक देते. दुसरी देते.
आप्पा थांबले.
"तिसरी?"
"कुणाला देईल हो ती? काठावरचं कोण उरलंय?" मग म्हणाले, "मी आहे म्हणा." खिशातलं कार्ड चाचपलं. "थांबा. विचार करतो."
सगळं परत वाचून दाखवलं. यंत्र आता खटकत नाही. तारा पहिल्यापासून तिथे होती, तसंच तेही असावं असं वाटलं. पन्नास वर्षांत कुणी तिला वर पाहू दिलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी
एस.टी. कंडक्टरबरोबर कमलची चिठ्ठी. रजा काढून घरी आली आहे. आप्पांना परवापासून ताप. बोलणं तुटक. 'सरांना बोलवा, तिसरी सांगायची आहे' एवढंच म्हणतात.
प्रुफं उद्या टपालात पडली पाहिजेत. आता पाचची गाडी धरतो.

१४ फेब्रुवारी, नदीकाठ
गाडी वाटेत बिघडली. पोचेपर्यंत अंधार. पिशवीत दोन्ही आहेत, प्रुफं आणि हाताने लिहिलेली पानं. कुठली पाठवायची ते ठरलेलं नाही.
नाव पलीकडे, राहूच्या बाजूला. पाणी दिसत नाही. गेणूमामांचा कंदील तेवढा दिसतो. त्याच्या बाजूला आणखी कुणीतरी उभं आहे, कमल असावी.
एक हाक दिली. कंदील उचलला गेला.
दुसरी दिली. कंदील तसाच धरलेला. ते वाट पाहताहेत.
बॅटरीच्या उजेडात एवढं लिहिलं. आता उठतो.