फिरत्या दवाखान्याचा बंब

आई,

दवाखान्याची गाडी आपण दसऱ्यानंतर बाहेर काढायचो, ते दिवस मला अलीकडे सारखे आठवतात. पावसाळाभर ती कंपनीच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असायची. चाकणच्या पुढच्या वाटा तेव्हा चिखलाने भरलेल्या असत, आणि एवढी जड गाडी तिकडे रुतली असती तर बैल लावूनही निघाली नसती. गाडी मुळात दवाखान्याची नव्हतीच. यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी साहेबाने बायकामुलांना घेऊन फिरायला म्हणून ती बोटीने आणवली होती. आत झोपायचे बाक, भिंतीतली कपाटं, भांडी धुवायची छोटी मोरी आणि गॅसवर पाणी तापवणारी टाकी, असं चाकांवरचं घरच ते. साहेब परत जाताना गाडी इथेच सोडून गेला आणि कंपनीने तिच्यात बायकांचा दवाखाना काढला. त्या टाकीला बाकीचे हीटर म्हणत. तू बंब म्हणायचीस, आणि पुढे डॉक्टरबाईही बंबच म्हणायला लागल्या.

बाबा गेले तेव्हा कंपनीने तुला त्या गाडीवर आया म्हणून घेतलं, म्हणून वसाहतीतली खोली आपल्याकडे राहिली. तुझ्या मनात गाडी आणि खोली या दोन गोष्टी कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. अंगात ताप असला तरी तू कामावर जायचीस. बंबाचं काम एखाद्या पुरुष माणसाकडे द्यायला हवं, बायकांचं ते काम नाही, असं नवे मॅनेजर एकदा तुझ्यासमोरच म्हणाले, तेव्हापासून तू त्या टाकीला कुणाला हात लावू देईनाशी झालीस. फक्त मला शिकवलंस. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. आपल्या खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडली की समोर कंपनीची भिंत. दिवसभर भोंगे ऐकायचे, कुठली शिफ्ट सुटली ते ओळखायचं आणि तुझी वाट बघायची.

पुण्याच्या एका इस्पितळात नर्सिंगला अर्ज कर, हे मला डॉक्टरबाईंनी सांगितलं. तिथे राहून शिकायचं होतं. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मी ते तुला वाचून दाखवलं. तू भाकरी थापत होतीस. थापता थापताच म्हणालीस, "जा की. मी कुठं धरून ठेवलंय तुला?" त्यानंतर कितीतरी दिवस तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस. रात्री दिवा मालवल्यावर तू जागी असायचीस ते मला कळायचं, आणि मी जागी आहे हे तुलाही कळत असणार.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तुझ्या उजव्या मनगटावर फडकं बांधलेलं होतं. लचकलंय, बोटं वळत नाहीत, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी गाडी निघायची होती आणि बंब अजून चार महिन्यांपूर्वी रिकामा केला तसाच होता. गाडीचे ड्रायव्हर चाचा कासारवाडीला राहायचे. ते मला स्कूटरवरून स्टेशनला सोडणार होते, शेडपाशी स्कूटर घेऊन उभेही होते. त्यांनी तुझा हात पाहिला आणि मला म्हणाले, "तू जा बेटी. आल्यावर पाण्याचं मी बघतो." तू त्यांना बोलू दिलंस आणि मग हळूच म्हणालीस, "न्हाई चाचा. तिलाच ठाऊक हाय ते." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

मी इस्त्रीची साडी नेसून, दाखल्यांची पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. तू नळाकडे गेलीस. मी शेडच्या कडेला आले तेव्हा तू भरलेली बादली त्याच उजव्या हाताने उचलून पिंपात ओतत होतीस. एक ओतलीस, मग दुसरी. पाठमोरी होतीस. चाचांनीही ते पाहिलं असावं, कारण ते खाली मान घालून स्कूटरचा आरसा पुसायला लागले. वेळ होता. मला फक्त त्यांच्या मागे बसायचं होतं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली, पदर खोचला आणि दवाखान्याच्या गाडीत चढले.

बंबापाशी पोचायला मोरीखालची फळी काढून तिथल्या कोनाड्यात अर्धं अंग घालावं लागायचं. आत कोंदट वास, गुडघे छातीशी. गॅसच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, ते तारेने टोकरून काढलं. टाकीचं बूच घट्ट बसवलं. व्हिनेगरचं पाणी फिरवून आतला कुबट वास घालवला, मग स्वच्छ पाणी भरलं. गरम पाण्याची तोटी उघडली की आधी नुसती हवा फुरफुरते, मग तोटी थुंकल्यासारखं पाणी येतं, आणि मग धार. धार एकसारखी होईपर्यंत काडी ओढायची नाही, कोरडी टाकी फुटेल, हे तू मला पहिल्याच वर्षी बजावलं होतंस. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा आला नाही. काडी लावली. निळी ज्योत धरली तेव्हा लांबून स्टेशनकडून आगगाडीची शिट्टी ऐकू आली. माझीच गाडी होती की मालगाडी, कोण जाणे.

पाणी तापल्यावर तू आत आलीस. माझे हात कोपरापर्यंत मातीने आणि गंजाने भरले होते. तू तांब्या भरलास आणि माझ्या हातांवर ओतू लागलीस. उजव्या हाताने. मध्येच तुझ्या ते लक्षात आलं. तांब्या थांबला. मी त्या फडक्याकडे बघत होते आणि तू माझ्याकडे. मला वाटलं आता काहीतरी बोलशील, निदान हात तरी बदलशील. तू बदलला नाहीस.

"गरम हाय का?" विचारलंस.

"हाय," मी म्हटलं.

तू उरलेलं पाणी ओतलंस.

पुढच्या वर्षी मी अर्ज केला नाही. तू थकलीस तेव्हा तुझ्या जागी मला घेतलं. लग्न झालं तेही त्याच वसाहतीतल्या मुलाशी, आपल्या खोलीपासून दोन चाळी सोडून. दर दसऱ्यानंतर मी त्या कोनाड्यात शिरत राहिले, गाडी भंगारात निघेपर्यंत. तू गेलीस त्या दिवशीही मी खेडजवळ एका बाळंतिणीपाशी होते. निरोप चाचांनीच आणला.

आता मी वाकडला मुलीकडे राहते. सातव्या मजल्यावर आहोत, बटण दाबलं की पाणी गरम. तिला बंगलोरला मोठ्या पगाराची नोकरी मिळाली आहे. तू ये की माझ्याबरोबर, ती म्हणाली. मी म्हटलं, या वयात मला कुठे हलवतेस, तू जा, मी तुला कुठे धरून ठेवलंय. माझ्या तोंडून हे निघालं तेव्हा मलाच दचकायला झालं. हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. परवापासून मी डोकं बांधून पडून आहे. चक्कर येते, असं तिला सांगितलंय. आज सकाळी तिने फोन करून जायची तारीख पुढे ढकलली, मी आतल्या खोलीतून ऐकलं.

मला चक्कर येत नाही, आई.