जहाजावर कसं वागावं याची धाकटीने केलेली यादी

नाना, मी जहाजात बसून आले. दिवाळीनंतर, मुंबईहून गोवा आणि परत, असे चार दिवस. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होतात, पण समुद्र काही तुम्ही पाहिला नाहीत. मला वाटलं होतं, डेकवर उभी राहीन, तुमची आठवण येईल, डोळे भरतील. तसं काहीच झालं नाही. चारही दिवस मी धाकटीवर जळत होते. हे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमची धाकटी लेक आता सावद्यातली मोठी बाई झाली आहे. सासरचा केळीचा व्यापार, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं. मी धुळ्यात एकटी, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त. तिच्या केळीवर किंवा बंगल्यावर मी कधी जळले नाही, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण खरं आहे. जळले ते तिच्या यादीवर. जायच्या पंधरा दिवस आधी तिने घरच्या ग्रुपवर भली मोठी यादी टाकली. मोठ्या बॅगा बंदरावर चिठ्ठी लावून द्यायच्या, त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, आधार कार्ड आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, अगरबत्ती आणू नका, काढून घेतात. बाथरूमचा उंबरा उंच असतो, पाय उचलून टाका. मळमळण्याची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या, आणि त्रास झालाच तर खोलीत पडून राहू नका, वर या, लांब पाणी आणि आभाळ मिळतं तिथे नजर ठेवा. ताट एकदम भरू नका, दोनदा उठा, कोणी हसत नाही. लिफ्टमधून आधी उतरणाऱ्याला उतरू द्या. पोरांनी बोळातून पळायचं नाही, लोक झोपलेले असतात. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, पोहण्याच्या हौदाजवळ टॉवेल टाकून खुर्ची अडवू नका, खुर्ची माणसाची असते, टॉवेलची नाही.

नाना, ते वाक्य वाचलं आणि मला अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं. तुम्हाला आठवतं का, आपण नशिराबादला राहत होतो तेव्हा गल्लीतली सगळी घरं मिळून वर्षातून एकदा बस ठरवायची. त्या वर्षी पाटणादेवीला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्ही सूचना सांगितल्या आणि मी लिहिल्या, कार्बन घालून, घरटी एक. पाण्याची सुरई कोणी आणायची, म्हाताऱ्यांना पुढे बसवायचं, ओकारी येणाऱ्याला लिंबू. मी दहा वर्षांची होते आणि तुमच्या त्या कागदांवर माझं अक्षर होतं, याचा मला केवढा तोरा. सकाळी बस लागते, मी खिडकीतून रुमाल आत टाकते आणि पुढची जागा धरते. तुम्ही आत येता, रुमाल उचलता, आणि सगळ्या गल्लीदेखत शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना तिथे बसवता. तुम्ही शिंदखेड्याकडचे, रागावलात की अहिराणीत बोलायचा. "रुमाल टाकीसनी जागा व्हस का? जागा माणूसनी शे, रुमालनी नही." मी पूर्ण रस्ताभर उभी राहिले. धाकटी चार वर्षांची, तुमच्या मांडीवर खिडकीशी.

म्हणजे रागावणं माझ्या वाट्याला आलं होतं. पन्नास वर्षं मी ते वाक्य जपून ठेवलं होतं, आणि तिने ते उचलून यादीत घातलं. खाली सगळ्यांनी अंगठे टाकले, वा वा केलं. मीही अंगठा टाकला.

जहाजावर आम्ही अकरा जण. धाकटीच्या नवऱ्याची म्हातारी आत्या, तिला सगळे अक्का म्हणतात, ती आणि मी एका खोलीत. आमची खोली खालच्या मजल्यावर, मधोमध, खिडकी नसलेली. धाकटीची वर, अगदी पुढे, गॅलरीची. "ताई, तुला गाडी लागते ना, मधली खोली कमी हलते, म्हणून मुद्दाम घेतली," ती म्हणाली. ते खरंच होतं, नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तिची गॅलरी दिसली. निघायच्या आधी सगळ्यांना एकत्र बोलावून संकटात कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवतात. तिचे मुलगे कंटाळा करत होते, तर तिने आवाजही न चढवता दोघांना हजर केलं. पहिल्याच जेवणाला अक्काने पदराखाली चार पुऱ्या बांधून घेतल्या. धाकटी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "अक्का, इथं भूक लागंल तेव्हा मिळतं व. ठेवा परत, मी आहे ना." अक्काने पुऱ्या ताटात ठेवल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "नानासारखीच आहे व माय ही. तेही असंच समजावायचे." अक्का तुम्हाला धाकटीच्या लग्नाच्या वेळी भेटली होती, फार तर दोनदा. मी म्हटलं, "हो ना."

दुसरा दिवस पूर्ण पाण्यावर. जेवणानंतर वारा सुटला आणि जहाज डुलायला लागलं. मला काही झालं नाही. लहानपणी चाळीसगावच्या घाटात पिशवी धरून बसणारी मी, मजेत होते. अक्का पोरांबरोबर जादूचे प्रयोग बघायला गेली होती. मी खोलीत केस विंचरत होते, तेव्हा खोलीतला फोन वाजला. त्याच्यावर कुठल्या खोलीतून आला ते दिसतं. धाकटीची खोली. मला वाटलं, आता नवीन सूचना असेल, अमक्या वाजता तमके कपडे घालून या. फोन वाजून थांबला. परत वाजला. दुसऱ्या वेळी मला कळलं होतं, नाना. तिचं काहीतरी बिनसलंय, तिला जहाज लागलंय, हे मला कसं कोण जाणे, पण कळलं. आणि मला बरं वाटलं. मी वेणी पूर्ण घातली, शेवटी रबर लावलं, आणि पलंगावर बसून राहिले.

तिने स्वतःची गोळी अक्काला दिली होती. नवरा पोरांबरोबर, मोबाइल लागत नव्हते. मी फोन उचलत नाही म्हणून ती ओकारी आल्यावर एकटीच उठली आणि त्याच उंच उंबऱ्याला अडखळून पडली. खोली आवरायला आलेल्या बाईला ती जमिनीवर बसलेली सापडली, उजवं मनगट डाव्या हातात धरून. जहाजावरच्या डॉक्टरने हात बांधला, मनगट मोडलंय म्हणाले. मी पोचले तेव्हा ती पांढरीफटक पडली होती. मला बघून म्हणाली, "ताई, तुला फोन केला होता गं."

"बाथरूममध्ये होते," मी म्हणाले.

"तरीच," ती म्हणाली. तिने लगेच मानलं. तिचा चेहरा मी निरखून पाहिला, त्यात शंकेचा कण नव्हता.

तिसऱ्या दिवशी गोव्याच्या बंदराला लागलो. "ताई, तू ने सगळ्यांना," ती पडल्या पडल्या म्हणाली. "जहाज सुटायच्या तासभर आधी आत या. ते कोणासाठी थांबत नाही. उतरताना खोलीचं कार्ड प्रत्येकाजवळ आहे का बघ." नवरा तिच्याजवळ थांबला, आम्ही नऊ जण उतरलो. आणि नाना, तो दिवस मला इतका छान गेला की लाज वाटते. दोन टॅक्सी मी ठरवल्या, अक्काला पुढे बसवलं, प्रत्येक ठिकाणी चढताना-उतरताना डोकी मोजली, तुमच्यासारखी, हवेत बोट नाचवत. मोठी सून म्हणाली, "मावशी, तुमचं बरं आहे, तुम्हाला काही सांगावंच लागत नाही." मी दिवसभर फुलून गेले होते. दीड तास आधी सगळे बंदरावर हजर. जहाजाशी आलो आणि वर पाहिलं, तर कठड्याशी धाकटी उभी होती, हात गळ्यात बांधलेला, आणि डाव्या हाताच्या बोटाने आम्हाला मोजत होती. मी एकदा मोजलेलं ती परत मोजत होती. दुखऱ्या हाताने तिथे उभी राहिलेली बघूनसुद्धा माझ्या मनात पहिलं तेच आलं, की हिला माझ्यावर भरवसा नाही.

गेल्या आठवड्यात तिचं प्लास्टर काढलं. फोनवर म्हणाली, बोटं अजून नीट वळत नाहीत, पोळ्या लाटता येत नाहीत. मग म्हणाली, "पुढच्या वेळी यादी तूच कर, ताई. नानांच्या याद्या तूच लिहायचीस. मी शेजारी बसून बघायची. तुझं अक्षर बघून बघूनच मी वाचायला शिकले, माहितीये?" मला माहीत नव्हतं. त्या फोनचं आता तरी सांगावं, असं तोंडाशी आलं. मी म्हणाले, "बघू."

म्हणून हे तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते पोचणार नाही आणि तुम्ही सगळ्यांदेखत काही बोलणार नाही. पाकीट मी आणलं होतं. पण पत्ता लिहायला बसले, तर तो सावद्याचा, धाकटीचाच लिहावा लागतो, आणि तेवढं माझ्याने होत नाही.