तोटा पुसून केलेला सराव

तीर्थरूप बाबांना,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, डबा वेळेवर मिळतो.

फोनवर खोट्या पैशांनी शेअर घ्यायचा सराव करून तुम्ही पैसे दुप्पट केलेत आणि आता निवृत्तीची रक्कम खऱ्या बाजारात घालणार, असं धाकट्याने कौतुकाने सांगितलं. मी विचारलं, "तोटा कधी झालाच नाही?"

"झाला ना! तोटा दिसला की बाबा खातं पुसतात आणि नवं उघडतात. डोकं लागतं, ताई!"

बाबा, याला सराव म्हणायचा? जन्मभर तुम्ही लोकांना गाडी शिकवलीत. भिंतीवर गाडी घालणाऱ्याला 'ही फेरी धरू नका' असं परीक्षकाला सांगून परवाना मिळवून दिलात का कधी?

त्या रकमेत आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. ती रक्कम बुडाली, तर काय पुसणार आहात?

सराव अजून करा, पण तोट्यासकट आणि आईला शेजारी बसवून. मग ती म्हणेल तसं करा.

हल्ली ती कठडा धरून, उलटं तोंड करून जिना उतरते, हे ठाऊक आहे तुम्हाला? मला फोनवर म्हणाली, "त्यांना नको सांगू. त्यांचा सराव चालू असतो."

रागावलेली, तरी तुमचीच,
थोरली