बारीक आवाजाची पट्टी

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. परवा तुझ्याकडे असताना पाहिलेल्या त्या कोरियन चित्रपटाचं परीक्षण उद्या द्यायचंय. संपादक डोक्यावर बसलेत. मेलेल्या मुलासाठी बापाने बारा वर्षं डाव रचायचा आणि मारणाऱ्याबरोबर त्याची आई, भाऊ, पोरंसुद्धा संपवायची? ढेकणापायी घर जाळल्यासारखं वाटलं. ‘अतिरेकी आणि अविश्वसनीय’ असं लिहिलंय. तू मात्र थिएटरपासून घरापर्यंत गप्प. तू, आणि गप्प! आपली पिटुकली आठवेल असा सिनेमा तुला दाखवला, हा माझा गाढवपणा. रागावली नसशील तर मत कळव.

तुझ्या बोलण्यांचा भुकेला,
धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

रागावले नाही. तुझं निम्मं बरोबर आहे. बारा वर्षांचा डाव खोटाच. डाव लागत नाही रे; माणूस समोर आला की पुरतं.

पिटुकलीला गाडीखाली घेऊन निर्दोष सुटलेला तो गेल्या महिन्यात माझ्या केंद्रात आला, श्रवणयंत्र बसवून घ्यायला. म्हातारा झालाय. त्याने मला ओळखलं नाही. मी यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि पडद्यावरची बारीक आवाजांची पट्टी वर सरकवायची, ती तळालाच ठेवली. मोठ्यांचं जाड बोलणं ऐकू येतं म्हणून खूश होऊन गेला. लहान मुलं मात्र ऐकू येणार नाहीत. नऊ वर्षांत माझ्या पोरीची हाक मला आली नाही, त्याला कशाला हवी?

आता सांग, हे प्रमाणात बसतं का?

माया पातळ करू नकोस.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

‘अविश्वसनीय’ खोडलं. ‘अतिरेकी’ ठेवलंय, ते कुणासाठी, हे लिहायला हात धजत नाही. ताई, मागून सायकलची घंटी वाजली आणि त्याला कळलीच नाही तर? त्याला बोलाव. त्याच्यासाठी नको, मी पाया पडतो म्हणून बोलाव.

तुझाच,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

फोन केला. सुनेने उचलला. तक्रार काही नाही म्हणाली. सासरे मजेत आहेत. फक्त सात वर्षांची नात त्यांच्याशी बोलेनाशी झालीय. हाका मारून दमली. आजोबा आपल्यावर रागावलेत असं तिला वाटतं. पिटुकलीही सातचीच होती.

दोघांना बोलावलं. पट्टी वर नेली. नातीला त्याच्या पाठीमागे उभं करून हळूच हाक मारायला सांगितलं. तो वळला, ढसाढसा रडला आणि माझे हात धरून मला देवमाणूस म्हणाला. ते हात मी साबणाने तीनदा धुतले.

मन हलकं झालं असेल, असं तू लिहिशील. नाही झालं. दर तीन महिन्यांनी यंत्र तपासायला त्याला यावंच लागतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई त्याची फाइल घ्यायला तयार आहेत. मी अजून दिलेली नाही.

तुझा जीव आहे तसाच माझ्यावर राहू दे.
ताई